टेकडीवरचा वेल

५ फेब्रुवारी २००६
दोन रात्री झोप नाई. औषधाच्या कंपनीचा दुसरा कागद घरात येऊन पडला हाय. माहा नवरा, मुक्ताचा बाप, म्हनते सही कर. पहिल्या सहीनंच एवढं झालं.

मागच्या साली कंपनीचा नागपूरचा साहेब आलता. भाजल्यावर टेकडीवरच्या वेलाचा पाला लावते, माही सासू द्याची, ती गेल्यावर मी देतो. त्याले वेल दाखवला. कसा वाटाचा तेही. तो म्हने, "ताई, बदल्यात काय घेसान?" मी म्हनलं, "औषधाचं काही घेतलं का गुन जाते." सासूनं असंच शिकवलं. त्यानं हासत लिहून घेतलं, मी खाली नाव लिहलं. सुनंदा. चवथीपर्यंत शिकली, तेवढं येते.

८ फेब्रु.
मुक्ताच्या बापानं आर्वीहून मलमाची डब्बी आनली. वर आपल्याच पाल्याचं चित्र. "पाह्य, तुही डब्बी!" म्हने. मले हासू नाई आलं. त्याच कंपनीच्या ठेकेदाराकडं हा मुकादम हाय. बाया घेऊन टेकडीवर जाते, पोते भरून आनते.

९ फेब्रु.
मुक्ताले कडेवर घेऊन टेकडीवर गेलती. नुसते खड्डे. सासू एका बाजूचाच पाला तोडे, मुळाले हात लावू देत नसे. यायनं मुळासकट उपटला. शेंडाही नाई ठेवला. लय वेळ बसली तिथं. पोट्टी माती खाऊन राह्यली होती, ध्यान नाई राह्यलं.

१२ फेब्रु.
शेजारच्या शेवंताच्या पोरीच्या हातावर उकळती दाळ सांडली. पोरगी घेऊन माह्याच दारात आली. माह्यापाशी एक पान नाई.
"विकून खाल्लं नं तुनं?"
"नाई वो बाई. एक रुपया नाई घेतला."
"मंग फुकट काऊन देल्ला? आमाले विचारलं होतं?"
डब्बी होती घरात. ती काढाची लाज वाटली, मंग काढली. तिनं फेकून देल्ली. जीपमधी बसवून पोरीले दवाखान्यात नेलं. तिचं रडनं अजून कानात

१४ फेब्रु.
शाळेत गुरुजीले कागद दाखवला. त्यायनं वाचला. लिहलं हाय का मी साऱ्या गावाच्या वतीनं वेल देल्ला, कोनाचा हक्क नाई.
गुरुजी म्हने, "सुनंदाबाई, हे एकट्या तुमचं नाई, गावाचं हाय. नवा कायदा झाला. आधी गावाले विचारा लागते, फायद्यातला वाटा गावाले द्या लागते. सही करू नका. गावाचा अर्ज करू, पन साहेब आलता हे तुम्हाले सांगा लागन."
मी म्हनलं, "वाटा घेतला तर गुन जाईन नं?"
गुरुजी म्हने, "वेलच नाई राह्यला बाई, गुन कुठून जाईन?"
सांगतो म्हनून आली.

१६ फेब्रु.
मुक्ताच्या बापाले कळलं. "मुकादमी गेली तर काय खासान? गुरुजीचा खडू?"
मी म्हनलं, "तुमची माय असती तर तिनं केली असती काय सही?"
जेवता जेवता हात थांबला. मंग म्हने, "माय मेली. आता ठेकेदार पोसते." ताट सरकवून उठला. दारातून म्हने, सही नाई केली तर पोट्टी इथं राहीन, तू माहेरी जाजो. मुक्ता दीड वर्षाची. अजून अंगावर पेते.

१९ फेब्रु.
सकाळी मुक्ताले नेलं त्यानं. कारंज्याले, माह्या ननंदेकडं. सही झाली का आनीन म्हने. मी पायी पडली. शेवंता दारातून पाहत होती.
छाती दुखून राह्यली. दुधानं लुगडं भिजलं.
उद्या सहीसाठी आर्वीच्या कचेरीत नेते मले तो. गुरुजी नागपूरले गेले, परवा येतीन. गावात फोन एकाच दुकानात, तिथं ठेकेदार बसून राह्यते.
सही केली तर शेवंताच्या तोंडाकडं कशी पाहू. नाई केली तर

वही अंगणवाडीतल्या पेटीत ठेवून जातो. बाई, तुमाले सापडो का कोनालेही, पुलगावले माह्या भावाले फोन लावा. नंबर पुठ्ठ्यावर हाय. त्याले म्हना आर्वीले मागून ये, पहिले कारंज्याले जा, मुक्ताले आन. इथल्या दुकानातून नका लावू. दुसऱ्या गावाहून लावा, पन उद्या सकाळीच लावा.