तितिक्षा

लातूर, चैत्र वद्य पंचमी

कालपासून जुनी कादंबरी ‘तितिक्षा’ या शब्दापाशी अडली होती. सासूबाईंना दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवते. काल तो शब्द गाळला, तर लगेच म्हणाल्या, “काय गिळलंस गं?”

लातूर जिल्हा झाल्यापासून इथल्या वाचनालयात मोठा शब्दकोश आलाय. दुपारी उन्हातच जाऊन पाहिला. ऊन, थंडी, दुःख कुरकुर न करता सोसणं म्हणजे तितिक्षा.

घरी येऊन सांगितलं, तर “एवढ्यालाबी शब्द हाय व्हय?” म्हणून त्या हसल्या.

पाण्याचा टँकर आजही आला नाही. संध्याकाळी त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग पूजेसाठी तळहातावर घेऊन त्यावर पळीभर पाणी घातलं, तेवढंच तीर्थ प्यायल्या आणि आपल्या वाट्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला.

“उन्हातून आलीस. पी, अन् पुढं वाच. गोष्टीतल्या त्या पोरीचं काय झालं?”

प्याले. मग त्याच शब्दापासून पुढं वाचायला घेतलं. महादेवा, शब्दाचा अर्थ असा समोर येऊन बसतो?