मुकुट पुढच्या दारानं न्यावा

हे मृत्युपत्र मी आषाढातच लिहायला घेणार होतो. मग रथाची जत्रा आली, मग पेन सापडेना, मग मध्ये जरा बरं वाटलं म्हणून तळ्यावर गळ टाकून बसलो. खरं तर लिहिलं की ते होईल अशी भीती होती. आता न लिहिताही होतंय, तेव्हा लिहितो.

मी पलाश मालाकार, वय सव्वीस, कै. गोपेश्वर मालाकार यांचा धाकटा मुलगा, राहणार शालुकडांगा, जिल्हा पूर्व बर्धमान, शिक्षण सातवीपर्यंत आणि तेही अधूनमधून, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती छाती. दगड फोडायच्या क्रशरवर होतो तेव्हाची भुकटी आत बसली आहे, आणि डॉक्टर म्हणतात ती निघत नाही. निघाली असती तर ज्याची त्याला परत केली असती. हे मी कुणाच्या धाकानं लिहीत नाही. धाक आहे, पण तो लिहू नये असा आहे.

१. घर. बापानं ठेवलेलं घर निम्मं माझं, निम्मं दादाचं. दादा, दुलाल मालाकार, शोला कापायला दलदलीत उतरला होता तेव्हा साप चावून गेला. परगावचा कुणी हे वाचेल म्हणून सांगतो : शोला हे पाण्यातलं रोप. साल काढली की आत पांढरंशुभ्र, पिसासारखं हलकं. दुर्गेचा मुकुट, कुंडलं, हार, सगळं आम्ही मालाकार त्यातूनच करतो. दादा गेला तो देवीच्या मुकुटाचाच शोला आणताना. त्याचा निम्मा वाटा त्याच्या बायकोचा, माझ्या बौदीचा, म्हणजे अनिमा मालाकार हिचा आहेच. माझाही मी तिलाच देतो. जेठू, म्हणजे बापाचे थोरले भाऊ निताइपद मालाकार, यांना त्यातलं काही नाही. अंगणातला कडुनिंबसुद्धा नाही. मी डोळे मिटले की बौदीला नवद्वीपच्या विधवांच्या आश्रमात पोचवायचं असं त्यांनी ठरवलं आहे. तिला कुणीही कुठेही पोचवू नये. कागद मुख्यतः यासाठी आहे. बाकीची कलमं सोबतीला.

२. हत्यारं. दादाची लांब पात्याची सुरी बौदीला. माझा हात त्या कामाला कधी बसला नाही, कारण मीच एका जागी बसलो नाही. कोइमतूरच्या गिरणीत राहिलो, केरळात बांधकामावर राहिलो. एका तमिळ गावात पडद्याआड देवाला सजवत होते तेव्हा मी बाहेर भाताच्या आशेनं उभा होतो. भात चांगला असायचा तिथं, चिंचेचा. पडदा सरला तेव्हा काळ्या दगडाचं सोनं झालेलं. तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याला मी सोबत्याकडून विचारलं, "एवढे दागिने कशाला? देव मागतो का?"

म्हातारा म्हणाला, "तो कशाला मागेल? आपल्याला बघवत नाही म्हणून. घरच्या माणसाला असं ओकंबोकं बाहेर पाठवतोस का तू?"

आमच्याकडेही तेच. मुकुट चढेपर्यंत देवी नुसती माती असते. कुत्रं अंग घासून जातं, कुणी हाकलत नाही. मुकुट चढला, हातात सवाष्णीच्या शंखाच्या बांगड्या आल्या, की बायका म्हणतात, "आली गं पोर माहेरी." देवीचे रिकामे हात गावाला बघवत नाहीत. बौदीचे बघवतात.

३. मुकुट. दादाला जाळून आलो त्याच दिवशी तळ्याच्या पायऱ्यांवर बौदीच्या शंखाच्या बांगड्या फोडल्या. जेठू तिला बौमा म्हणतात, म्हणजे सूनबाई. म्हणाले, "बौमा, या हातांनी आता देवीच्या अंगावर काही चढायचं नाही." पुढच्या पावसाळ्यात जेठूंचा हात थरथरू लागला. मग ते मागच्या दारानं आले. "बौमा, जरा पाकळ्या तेवढ्या काढून दे." त्या वर्षी पाकळ्या, नंतर अख्खा मुकुट. शोला मागच्या दारानं येतो, मुकुट जुन्या धोतराखाली झाकून मागच्या दारानं जातो, आणि मंडपात लोक म्हणतात, "वा, निताइदा! या वयात असा हात!"

मी एकदा म्हणालो, "जेठू, मागच्या दारानं मांजर येतं."

"तू खोकत बस," म्हणाले.

बौदीला विचारलं, तुला काही वाटत नाही? ती म्हणाली, "वाटतं ना. मुकुट जातो तेव्हा मी तळ्याकडे तोंड करून उभी राहते. तिचा नवरा कैलासावर धडधाकट आहे. माझा तिच्या मुकुटापायी गेला. आणि अशुभ कोण, तर मी."

म्हणून लिहितो : या घरात झालेला मुकुट बौदीच्या नावानं, भर दिवसा, पुढच्या दारानं न्यावा. तसा न्यायचा नसेल तर या घरातून मुकुट जाणार नाही. देवीला थर्मोकोल घालावा आणि गावानं तो बघावा.

४. टोपर. माझ्या लग्नासाठी दादानं शोल्याचा टोपर, म्हणजे नवरदेवाचा उंच मुकुट, करून आढ्याला टांगला होता. नवरदेव व्हायचं राहिलं. तो माझ्याबरोबर जाळू नये. शोला भुर्रकन पेटतो, दादाची मेहनत क्षणात जाईल. मूर्तिकार सुबल पाल यांच्या मुलाचं लग्न अघ्राणात, म्हणजे मार्गशीर्षात आहे, त्याला द्यावा. उंदरांनी एक बाजू खाल्ली आहे, ती बौदी दुरुस्त करील.

५. मोबाइल ज्याला फुटकी काच चालेल त्यानं घ्यावा. कोइमतूरला चहावाल्याकडे सायकल ठेवली आहे, ती त्यानं विकली असेल तर माझी तक्रार नाही. चांगला माणूस, साखर जास्त घालायचा.

६. मला जाळताना अंगावर फुलं घालू नयेत. धुतलेला शर्ट पुरे.

हे सगळं पार पाडायचं काम सुबल पाल यांच्याकडे. सकाळी सही करताना ते म्हणाले, "निताइदा माझं तोंड बघणार नाही रे."

"मग नका करू सही."

"करतो. आणि ऐक, मूर्तीचं डोकं माझ्या ताब्यात आहे. मुकुटाच्या मापाचा दोरा न्यायला निताइदा येईल, तेव्हा सगळ्यांदेखत विचारीन, दोरा कुणाच्या हातात जाणार? नाव घेतल्याशिवाय देणार नाही."

बोलायला काय, सगळेच बोलतात.

साक्षीदार १ : सुबल पाल, मूर्तिकार (सही)
साक्षीदार २ : जागा रिकामी. तिघांना विचारलं. एकाला गुरांना पाणी पाजायचं होतं, एकाचा चष्मा हरवला, तिसऱ्यानं सरळ सांगितलं, "जेठूंना विचार आधी."

सही : पलाश मालाकार
ठिकाण : शालुकडांगा
तारीख : विश्वकर्मा पूजेचा दुसरा दिवस

सही झाल्यावर जोडतो. जेठू आले आहेत. पुढच्या दारानं. समोरच्या ओट्यावर बायका भाजी चिरत बसल्या आहेत, त्यांच्यासमोरून. हातात सुबल पाल यांच्याकडचा मापाचा दोरा आहे, हात थरथरतोय, लपवत नाहीत. आत येत नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच मोठ्यानं हाक मारतायत, "बौमा, माप आणलंय."

घरामागे बौदी सुरीला धार लावत होती, ती थांबली आहे, एवढं इथून ऐकू येतं.