बिनधान्याची न्याहारी

प्रिय भट्टी,

फोन असताना पत्र कशाला लिहितोय हा, असं तू वहिनींना विचारशील. आमच्याकडे हॉलमध्ये शिंकलं तर स्वयंपाकघरातून 'बाबा, बरं वाटत नाही का?' असा प्रश्न येतो, म्हणून पत्र. हे तुझ्याशिवाय कुणाच्या कानावर जायला नको आहे. डोळा कसा आहे? मोतीबिंदू काढल्यापासून वहिनींच्या सुरकुत्या दिसायला लागल्या असं मागच्या वेळी तू फोनवर म्हणालास आणि तिकडे काहीतरी आपटल्याचा आवाज आला. भांडं होतं की तू होतास ते कळायच्या आत फोन कट झाला.

मी बरा आहे. मालकांनी आपल्याला पीठ आणि भट्टी ही नावं ठेवली ती काही उगीच नाही. बेकरी बंद होईपर्यंत मी मळत राहिलो आणि तू भाजत राहिलास. आपल्या कपड्यांतला मैदा धुऊन कधी गेलाच नाही. आणि आता नशिबाचा खेळ बघ, ज्या घरात मी राहतो तिथे चमचाभरसुद्धा पीठ नाही. गव्हाचं नाही, तांदळाचं नाही, कसल्याच धान्याचं नाही. तुला हे अर्धंमुर्धं माहीत आहे, पण आज सगळं नीट सांगतो, कारण पुढचं कळायला ते लागेल.

आमची ही गेल्यावर मी लेकाकडे आलो. पहिले काही महिने मी या घरात खुर्चीसारखा होतो. केर काढताना सून म्हणायची, बाबा, पाय वर घ्या, आणि मी घ्यायचो. तेवढंच माझं काम. लेक लिफ्ट दुरुस्त करतो, सकाळी बाहेर पडला की दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत लोंबकळत असतो. सून दाताच्या दवाखान्यात असते. नात तिसरीत, तिला मी चिमणी म्हणतो. तर या चिमणीचं पोट बिघडलं. साधं नव्हे, पोर वाळत चालली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि म्हणाले, तूर्त धान्य पूर्ण बंद. सुनेने मग बरंच वाचून काढलं आणि त्या पॅलिओ का काय म्हणतात त्या आहारापाशी येऊन थांबली. आदिमानव म्हणे धान्य खात नव्हता. डाळी नाहीत, दूध नाही, साखर नाही. अंडी, मांस, कंद, भाज्या, फळं, बदाम-अक्रोड. मी विचारलं, तो आदिमानव जगायचा तरी किती वर्षं? सून म्हणाली, बाबा, अंडं घ्या.

पण एक मानलं पाहिजे. पोरीला एकटीला वेगळं ताट नको म्हणून घरातल्या सगळ्यांनी धान्य सोडलं. पावाचा डबा धुऊन माळ्यावर गेला. जेवणाचं कसंबसं जमायचं, मरण होतं ते सकाळचं. सून एका हाताने रताळी किसतेय, दुसऱ्याने चिमणीची वेणी घालतेय, तव्यावर काहीतरी करपतंय, लेक मोजे शोधतोय. एके दिवशी ती ओट्याला टेकून नुसतीच उभी राहिली, हातातली किसणीही खाली ठेवली नाही. मी उठलो, किसणी घेतली आणि म्हटलं, तू वेणी घाल.

पहिले प्रयोग काय झाले ते विचारू नकोस. बदामाच्या पुडीचा पाव केला, तो ओव्हनमध्ये छान वर आला आणि बाहेर काढताच खचला. तू असतास तर म्हणाला असतास, आच कमी पडली. आच नव्हती रे कमी. त्या पुडीत ताणच नाही. मळायचं काय, ओली वाळू नुसती. खोबऱ्याचं पीठ तर घातलेलं सगळं पाणी पिऊन टाकतं आणि वर आणखी मागतं. शेवटी अंड्याचं पांढरं वेगळं फेसून घालायला लागलो, तेव्हा कुठे जरा जीव आला. मग हात बसला. रताळं किसून, पिळून, तव्यावर कुरकुरीत थापटी. भोपळा वाफवून, कुस्करून, अंड्यात घोळवून. केळं आणि अक्रोडाचे छोटे केक. मशरूम आणि खिमा. मी पुन्हा कारागीर झालो, भट्टी! आमच्या दोघांच्या जन्मात मी हिला एक कप चहा करून दिला नसेल, आणि आता घर जागं व्हायच्या आधी माझी तयारी होऊन बसायची.

त्यात माझा स्वार्थही होता, तो तुझ्यापासून काय लपवायचा. आम्ही चौघं एकत्र बसतो ते फक्त तेव्हाच. रात्री ज्याची त्याची वेळ वेगळी. सकाळी मात्र चौघंही टेबलाशी, आणि चिमणी ओरडणार, आजोबा, आज काय? त्या 'आज काय'साठी मी आदल्या दुपारपासून विचार करायचो. कारण ते गेले की घर संपतं. मी तवा सावकाश घासतो, ओटा दोनदा पुसतो, उद्याचे बदाम भिजत घालतो, आणि तरी घड्याळ तिथेच. फ्रिज मध्येच घरघरतो, तेव्हा कुणीतरी आलं असं वाटून मी वळून बघतो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तसा मी मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, काढल्या, परत लावल्या. खरं सांगू? फार एकटं वाटतं. पण उद्या सकाळी या घराचं माझ्यावाचून अडणार आहे, एवढ्या भरवशावर संध्याकाळ गाठता यायची.

आता ऐक. मध्यंतरी लेकाचं कामाचं जाकीट खुंटीला लावत होतो. ग्रीसचा वास होताच, पण त्याच्या खालून दुसरा एक वास आला आणि माझे पायच थांबले. भाजलेल्या पावाच्या वरच्या सालीचा वास. खिशात हात घातला तर चुरा. हसूच आलं मला. पठ्ठ्या बाहेर पाव खातोय, आणि लपवतोय कुणापासून, तर माझ्यापासून! मांजर डोळे मिटून दूध पितं तसं झालं. आणि चांगला पावही नव्हे रे. यीस्ट जास्त घालून घाईघाईने फुगवलेला. चोरूनच खायचा तर निदान बरा तरी खावा. म्हटलं जाऊ दे, तरणा माणूस, दिवसभर जड काम करतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग सुनेच्या ओढणीला तोच वास आला. ती दवाखान्यातून येते तेव्हा तिच्या अंगाला लवंगेच्या तेलाचा वास असतो, पण पाव काही त्याच्याखाली लपत नाही. तरी मी ओढणीची घडी घालून ठेवून दिली. आणि एका संध्याकाळी चिमणी मांडीवर येऊन बसली, तिच्या केसांतून वास आला. तेव्हा मात्र मी तिला उजेडात नेऊन नीट निरखलं. मोठी माणसं काय वाटेल ते खावोत, पण ही पोर वाळून गेलेली आपण डोळ्यांनी पाहिलीय. विचारलं तर खोटं बोलेल, आईबापांना सांगावं तर तेच सामील. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

शाळेतून तिला शेजारीणबाई आणतात. त्यांच्या घरी कुणीतरी आजारी पडलं म्हणून एक दिवस मी गेलो, बराच लवकर पोचलो. मधली सुट्टी होती. चिमणी पायऱ्यांवर मैत्रिणींबरोबर बसून दोन्ही हातांनी एक मऊ बन खात होती. डबा तिचाच, सुनेनेच भरून दिलेला. मी धावत गेलो, आपलं वय विसरून, आणि तिच्या हातातून बन हिसकावून घेतला. ती रडली नाही. इकडे तिकडे बघून मला जरा बाजूला घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, आजोबा, मला आता चालतं. डॉक्टरकाका म्हणाले सगळं खा म्हणून, केव्हाच. पण तुम्हाला सांगायचं नाही असं आमचं ठरलंय. मी विचारलं, का गं? तर म्हणते, नाहीतर मग तुम्ही सकाळी काय करणार?

हे आठ वर्षांचं पोर मला समजावत होतं. मग म्हणाली, मी सांगितलं हे आईला सांगू नका, ती रडेल. मी कबूल केलं. बन परत दिला, तो तिने संपवला. मी तिच्या हनुवटीवरचे कण पुसले आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर बाकावर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रताळ्याची थापटी केली होती. इतके दिवस मी तव्याकडे बघायचो, त्या दिवशी माणसांकडे बघितलं. लेक प्रत्येक घासावर पाणी पीत होता. सून म्हणाली, व्वा बाबा, आज तर फारच छान, आणि अर्धी थापटी तिने केव्हा लेकाच्या ताटात सरकवली ते मला दिसलं. चिमणी माझ्याकडे न बघता मोठ्याने म्हणाली, आजोबा, उद्या काय? मी म्हटलं, भोपळा. बिचाऱ्यांनी माना डोलावल्या. मी त्यांना जेवू घालत नव्हतो, भट्टी. तेच मला सांभाळत होते, रोज सकाळी, न आवडणारं खाऊन. रागावू तरी कुणावर? एवढी चांगली माणसं शोधून मिळायची नाहीत. पण तेव्हापासून अंडी फेसताना हात चालत नाही. आपण कुणाला नकोसे झालो तर माणूस भांडू तरी शकतो. इथे तर प्रेमच आहे, त्याच्याशी काय भांडायचं?

आणि मला बेकरीतले थोरले मिस्त्री आठवायला लागले. तुलाही आठवत असतील. हात थरथरायचे त्यांचे, बनचे गोळे एकसारखे व्हायचे नाहीत, तरी मालकांनी त्यांना काढलं नव्हतं. ते एक ट्रे वळायचे आणि घरी जायचे, मग मी तो ट्रे पुन्हा वळायचो आणि तू भट्टीत घालायचास. मालक त्यांना सांगायचे, मिस्त्री, तुमच्या हातच्या बनला मागणी आहे हो. आपण सगळे मान खाली घालून कामाला लागायचो. मग एके दिवशी ते आले, टोपी हातात, आणि म्हणाले, मुलीचं बोलावणं आलंय, माझ्यावाचून तिचं अडलंय, उद्यापासून येत नाही. आपण त्यांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेलो. काही दिवसांनी तूच बातमी आणलीस की त्यांना मुलगीच नव्हती, आणि आपण पोटभर हसलो होतो, म्हातारा भ्रमला म्हणून. तो भ्रमला नव्हता रे. त्याला सगळं कळत होतं.

तर आता पत्र कशासाठी ते सांगतो. मी आपणहून निघालो तर यांना वाटेल काहीतरी चुकलं, आणि चिमणीला वाटेल तिच्यामुळे झालं. म्हणून बोलावणं बाहेरून यायला हवं, आणि मला तर मुलगी नाही. मला एक पत्र पाठव. माझी पत्रं सून वाचून दाखवते, तिला वाटतं मला बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा यातलं एक अक्षरही त्यात येऊ देऊ नकोस. डोळ्याचं निमित्त कर, वहिनी एकट्या पडतात म्हण, महिनाभर येऊन राहा म्हण. तेवढ्यात यांच्या टेबलावर पाव परत येईल, आणि एकदा आला की तो काही हलत नाही, पावाचा स्वभाव मला माहीत आहे. नंतर माझं काय ते नंतर बघू. तुझ्याकडे वहिनी आहेत, वरच्या मजल्यावर मुलगा आहे, तुझं कुणावाचून काही अडलेलं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीसुद्धा माझ्यावाचून अडलंय असं लिही. आणि जरा मन लावून लिही. सून ते मोठ्याने वाचत असताना मलाही ते खरं वाटलं पाहिजे.

तुझाच,
पीठ