यादोरावचे पाय

५ मार्च, बुधवार. सकाळी साडेपाच.
आजपासून लेंट, ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ. चाळीस दिवस. पास्टर साहेब रविवारी म्हणाले, कोणी मटण सोडते, कोणी चहा सोडते, ते ठीक. पण आत्मिक बळ वाढवायचं असंन त आपली खोड सोडा. मी राग सोडला. तसा मले राग येतच नाही, लोक आणतात. तरी सोडला.

रोजच्या रोज लिहीन, किती वेळा आला. डायरी टायरवाल्या डीलरनं दिलेली, चार वर्षं जुनी. तारखा खोडून नव्या टाकल्या.

पंचफुलाले सांगतलं. बायको आहे, तिले माहीत असलं पाहिजे. ती पोहे परतून राहिली होती. तिनं नुसतं वर पाहिलं, छताकडे. ते प्रार्थना होती का काय, समजलं नाही.
राग: शून्य.

त्याच दिवशी, दुपारी.
समोरच्या यादोरावकडे चार ट्रक. माझ्याकडे एक सायकल, ते पण फुकटच्या हवेसाठी. दोन वर्षांआधी हा माणूस आला अन् लाखनीचा एवढा लांब हायवे सोडून बरोबर माझ्या घराले लागून असलेल्या पंक्चरच्या दुकानासमोर बसला. नट खोलायची मशीन आणली. तेव्हापासून बोलणं बंद. मी त्याच्याकडे पाहत पण नाही.

पाचवा ट्रक आत्ता थांबला.
राग: शून्य.

९ मार्च, रविवार.
पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, आपल्या मंडळीत पाय धुण्याचा विधी असते. दरवर्षी पास्टर बारा जणांचे पाय धुतात. सहा वर्षांत त्या बाराजणांत माझा नंबर एकदाही लागला नाही, ते असो. यंदा नवीन काढलं. ज्याच्याशी आपलं वाकडं आहे त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, गुरुवारी त्याले घेऊन यायचं, अन् आपण खाली बसून त्याचे पाय धुवायचे. आत्मिक बळ म्हणतात ते हेच, म्हणे.

लगेच लिहिलं: यादोराव. अख्ख्या मंडळीत सगळ्यात अवघड नाव माझंच असंन.

पंचफुला वाकून पाहून राहिली होती. म्हणाली, अजून कोणी नाही का. म्हटलं, अजून कोण. तिनं आपली चिठ्ठी चार घड्या करून टाकली, मले दाखवली नाही. तिचं कोणाशी वाकडं असंन बाप्पा. गरीब गाय आहे.

रिताचा विषय वेगळा. ते वाकडं नाही. पोरीनं बापाची माफी मागायची बाकी आहे, एवढंच.

१२ मार्च, बुधवार.
रिताचा फोन आला. आईच्या मोबाईलवर. मले करत नाही. एकुलती एक पोरगी, नागपूरले नर्स आहे. पंचफुला फोन घेऊन स्वयंपाकखोलीत जाते अन् हळू हळू बोलते, जसा मी बाहेरचा माणूस आहे. मी इथूनच म्हटलं, ईस्टरले येते का विचार तिले. ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हटलं. तिकडून फोन कट.

नाताळचं काय झालं ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे गोष्ट साफ राहीन. पहिल्या पगारातून तिनं माझ्यासाठी चामड्याची चप्पल आणली. आठ नंबर. मले नऊ लागते. पोरीले बापाचा पाय माहीत नाही, एवढंच बोललो. मंडळीतले दहा-बारा लोक फराळाले बसले होते, त्यांच्या गप्पांत ऐकू जाईन असं बोलावं लागलं. चप्पल अंगणात गेली. फेकली नाही, हातातून गेली. नळापर्यंत. दुसऱ्या दिवशी सहाच्या बसनं पोरगी नागपूरले, अन् तेव्हापासून तोंड बंद.

चूक कोणाची. चप्पलच्या दुकानात नंबर विचारतात ना.
राग: शून्य. लिहिताना थोडा आला, पण तो डिसेंबरचा.

१५ मार्च, शनिवार.
रोड ओलांडला. दोन वर्षांत पहिल्यांदा. यादोराव काल धुळवड खेळलेला, कान अजून हिरवे. सरळ म्हटलं, यादोराव, सतरा एप्रिलले तुमचे पाय पाहिजेत. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. कायले, म्हणे. म्हटलं, धुवायले. तो म्हणे, भाऊ, मी रोज आंघोळ करतो. म्हटलं, मळाचा विषय नाही, नम्रतेचा आहे. कोणाच्या, म्हणे. म्हटलं, माझ्या. म्हणे, मंग स्वतःचेच धुवा ना.

मी हसून परत आलो. येताना त्याची पाण्याची बादली पायाले लागून सांडली. रस्त्यातच ठेवते तो माणूस.
राग: शून्य.

२३ मार्च, रविवार.
मंडळीत खिडकीजवळ, पंख्याखालची खुर्ची माझी. सहा वर्षं तिथं बसतो. आज शकुनबाई बसली. सत्तरीची बाई, मान्य आहे, पण खुर्ची ते खुर्ची. म्हटलं, बाई, हे माझी जागा आहे. ती म्हणे, नाव लिहिलं आहे काय.

लिहिलं नव्हतं. दुपारी जाऊन लिहिलं. दुकानातला लाल ऑईल पेंट होता, पाठीवर मोठ्या अक्षरांत: अंकुश. पास्टर साहेबांनी पाहिलं. बत्तीस वर्षांचा पोरगा आहे, माझ्या निम्म्या अनुभवाचा. अंकुशभाऊ, हे काय केलं, म्हणे. मी त्याले समजावून सांगतलं. इतकं समजावलं का रोडवर चाललेले दोघं जण थांबून ऐकून राहिले होते.
राग: शून्य. आवाज म्हणजे राग नाही. आवाज माझा घरचाच तसा आहे.

२ एप्रिल, बुधवार.
पाय धुवायले भांडं लागंन. दुकानातलं घमेलं पाहिलं, ट्यूब बुडवून पंक्चर शोधतो ते. काळंकुट्ट. यादोरावचे पाय त्यात धुतले त अजून काळे होतील. बाजारातून नवीन स्टीलचं आणलं. पांढरा टॉवेल पण.

पंचफुला म्हणाली, आधी कोणाच्या तरी पायावर सराव करून पाहा. म्हटलं, कोणाच्या. ती मोहफुलं वेचून आली होती, ओसरीवर बसून आपल्याच टाचा पाहून राहिली होती. टाचा पार फाटल्या आहेत तिच्या. म्हटलं, तुझ्याशी माझं काय वाकडं आहे, तुझे कायले धुऊ. ती म्हणाली, ते तर आहेच. अन् आत गेली.

बायकांले विधीचा अर्थ समजत नाही.

८ एप्रिल, मंगळवार.
नऊ दिवस उरले. अजून पाय नक्की नाही. आज परत गेलो. यादोराव गिऱ्हाईकासमोर म्हणे, भाऊ, पायाचं सोडा, माझी पाठ दुखते, ते दाबून देता का. गिऱ्हाईक हसलं.

मी इथं नम्र व्हायले उभा, महिनाभरापासून उभा, अन् हा माणूस होऊ देत नाही. आपल्या मोठेपणापायी दुसऱ्याचं आत्मिक बळ अडवून ठेवते. याले माज म्हणतात.

शेजारच्या टपरीवर धम्मदीपनं चहा दिला. (चहा सोडला नाही. राग सोडला.) तो म्हणे, अंकुशभाऊ, माणूस नाही म्हणून राहिला त सोडून द्या, दुसरे पाय पाहा. म्हटलं, दुसरे कोणाचे, माझं दुसऱ्या कोणाशी वाकडं नाही. धम्मदीप खोकलला. कप फुटला. ओला होता, माझ्या हातातून सटकला.
राग: शून्य.

११ एप्रिल, शुक्रवार.
आज निकाल लावला. कॅनमध्ये कोमट पाणी, घमेलं, खांद्यावर टॉवेल. रोड ओलांडला. यादोराव स्टूलवर बसून डबा खाऊन राहिला होता. मी त्याच्यासमोर खाली बसलो, जमिनीवर, सगळ्यांनी पाहिलं. त्याचा उजवा पाय धरला. त्यानं ओढला. मी पण ओढला. स्टूल आडवं झालं अन् तो खाली. पाय मात्र माझ्याच हातात होता. तेवढ्यात पाणी टाकून घेतलं.

लोकं काहीच समजून घेत नाहीत. टपरीवरच्यांनी मोबाईल काढले. दुपारपर्यंत व्हिडिओ अड्याळच्या साळ्याकडे पोचला, त्यानं मलेच पाठवला. त्यात मी यादोरावले फरफटत नेऊन राहिलो असं दिसते. पाय दे बे, पाय दे, असा आवाज येते. तो माझा. ते मी समजूत काढून राहिलो होतो.

प्रभूनं पण मंदिरात बाजार मांडणाऱ्यांची टेबलं रागानं उलथली होती. हे त साधं स्टूल.
राग: शून्य. हा पवित्र संताप, तो मोजत नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा.
सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलेला. मी ताठ बसलो, माझ्या खुर्चीवर. उपासना झाल्यावर पास्टर साहेब जवळ आले. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण ते रागावले नाही. म्हणे, अंकुशभाऊ, गुरुवारी नक्की या, डब्यात तुमच्या नावाची चिठ्ठी आहे.

माझ्या नावाची. म्हणजे कोणाले तरी समजलं, आपण अंकुशशी वाकडं वागलो. कोण असंन. शकुनबाई असंन, खुर्चीचं मनात लागलं असंन तिच्या. कोणी का असो, मी मोठ्या मनानं पाय देईन, यादोरावसारखं करणार नाही.

घरी येऊन नखं कापली.

१४ एप्रिल, सोमवार.
जयंतीची मिरवणूक, रोड बंद, दुकान बंद. धम्मदीपनं टपरीवर सगळ्यांले सरबत दिलं. मी घेतलं, यादोरावनं पण घेतलं. धम्मदीपनं आम्हा दोघांच्या मधात आपली पाच माणसं उभी केली होती.

१६ एप्रिल, बुधवार.
विटकरीनं टाचा घासल्या. पंचफुला म्हणाली, उद्या रिता येऊन राहिली. ईस्टरले तिले ड्युटी आहे, म्हणून आत्ता, एका रात्रीसाठी. म्हटलं, आली ना शेवटी माफी मागायले. ती म्हणाली, तुम्ही काही बोलू नका, एवढं करा.

बोलणार कसा नाही. कागदावर लिहून काढलं, तीन मिनिटांचं. सुरुवात: पोरी, मी तुले क्षमा केली. खिशात ठेवलं.

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार.
लिहायची इच्छा नाही. लिहितो.

पास्टरनी डबा उघडला. माझी चिठ्ठी पहिली निघाली. यादोराव आले का, विचारलं. माझं नवीन घमेलं कोरडंच राहिलं, वरचं स्टिकर पण तसंच.

मंग म्हणाले, अंकुशभाऊ, खुर्चीवर बसा. बसलो, नाव लिहिलेल्या खुर्चीवर. आधी शकुनबाई आली. तिचे गुडघे दुखतात, दोघांनी धरून खाली बसवलं. तिनं धुतले. मनात म्हटलं, बरोबर ओळखलं होतं. उठाले लागलो. पास्टर म्हणाले, बसा, अजून आहे.

मंग ते स्वतःच खाली बसले. त्यांनी पण माझंच नाव लिहिलं होतं.

परत पाणी बदललं. पंचफुला आली. सव्वीस वर्षांचा संसार. ती घरी भांडी घासते तशी धुऊन मोकळी झाली, वर पाहिलं नाही. तिच्या टाचा माझ्या डोळ्यांसमोर होत्या पूर्ण वेळ.

मंग रिता. तिनं आल्या आल्याच चिठ्ठी टाकली होती. दवाखान्यात पेशंटचे धुतात तसे धुतले, बोटांच्या मधात पण. पुसून झाल्यावर माझ्या तळपायाले वीत लावून पाहिली अन् हळूच म्हणाली, नऊ. कागद खिशात होता. निघाला नाही.

डब्यात एकूण अकरा चिठ्ठ्या. चार माझ्या नावाच्या. दुसऱ्या कोणाचं नाव दोनदा पण नव्हतं.

आता लाखनीत माझ्याइतके स्वच्छ पाय कोणाचे नसतील. मी एकाचेही धुतले नाही.
राग: माहीत नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे. सकाळी साडेसहा.
पाचले उठलो. गॅस स्वतः पेटवला, पाणी गरम केलं, नवीन घमेलं ओसरीवर मांडलं. रिताले सहाच्या बसनं जायचं होतं. आवाज दिला, येत नाही. परत दिला, येते म्हणे, येत नाही. इकडे पाणी थंड होऊन राहिलं. मंग ओरडलो. चांगलाच ओरडलो. धम्मदीपनं टपरीवरून विचारलं, काय झालं भाऊ.

ती बॅग खांद्याले लावून बाहेर आली. घमेलं पाहिलं, मले खाली बसलेला पाहिलं. बॅग खाली ठेवली. मंग पायरीवर बसली अन् उजवा पाय पुढे केला.

धुतला. बोटांच्या मधात पण, तिनं केलं तसं. पुसून वीत लावून पाहिली, पण मले काही अंदाज येईना. विचारलं, कितवा नंबर. पाच, म्हणाली. मले माहीत नव्हतं. कधी चप्पल घेतलीच नाही तिले, आईच घेत होती.

माफीचं काहीतरी बोललो. कागदावर होतं ते नाही, उलटं. नीट जमलं नाही.

डावा पाय मागितला त तिनं मागे घेतला. म्हणाली, हा नाताळले, बाबा. तोवर आवाज चढला नाही त. अन् ओल्या पायानंच चप्पल घालून स्टॅन्डवर गेली.

कॅलेंडर काढून मोजलं. नाताळ दोनशे एक्कावन्न दिवसांवर आहे. मले चाळीस झाले नाही.

पाणी अजून कोमट आहे. पंचफुला आत उठून बसली आहे, तिले बोलावतो. हळू आवाजात.
राग: एक.