वर जागा नाय!

३ फेब्रुवारी, सोमवार

घुसवलं एकदाचं! हितेंद्र सर जेवायला गेले, शेजारच्या टेबलावरची वैशाली म्हणाली, "दे टाकून, मी तपासलंय." दिला माझा बदल प्रोग्रॅममध्ये टाकून.

आमच्या कंपनीचा लिफ्टचा बोर्ड — लिफ्टचा मेंदूच तो — वीज जाऊन आली की आधी गणितं करत बसायचा. कुठल्या मजल्याला थांबायचं तर वेग कुठून कमी करायचा, सगळं पहिल्यापासून. आणि दर वेळी उत्तर तेच! इमारत काय मधल्या वेळात उंच होते? तोवर आतली माणसं अंधारात देवाचं नाव घेतायत. आता ती गणितं इथे लोअर परळला, आमच्या कॉम्प्युटरवर, प्रोग्रॅम कंपाइल होतानाच, म्हणजे बोर्डात भरण्याजोगा तयार होतानाच, उरकतात. बोर्डात जातं ते तयार उत्तर. वीज आली की लिफ्ट निघाली!

आईला सांगितलं. म्हणाली, "मगे इतकी वर्सा काय करी होतात?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

सर भडकले. कंपाइल व्हायला आता जास्त वेळ लागतो म्हणून. लागतो, खरंय. म्हटलं, "सर, तेवढ्यात आपण चहा पिऊ. लिफ्टमध्ये अडकलेल्याला चहा कोण देणार?" वैशाली पेन शोधायला टेबलाखाली गेली ती वर येईना.

"चालत्या लिफ्टला हात लावू नये," सर म्हणाले. पण काढून टाक म्हणाले नाहीत! कारण साइटवर बोर्ड बसवणारा आमचा राजेश सकाळीच फोनवर — "मॅडम, लाइट आली ना आली, लिफ्ट चालू! अपुन खूश."

१० फेब्रुवारी, सोमवार

आता चटक लागली. कंपाइल होतानाच आकडे तपासणारी ओळही घातली. मजल्याची उंची चुकली, वेग झेपेना — प्रोग्रॅम तयारच होणार नाही. साइटवर जाऊन बोंब होण्यापेक्षा ऑफिसात झालेली बरी.

पण ते एररचे रुक्ष संदेश वाचतो कोण? म्हणून सगळे आईच्या मालवणीत लिहिले. मजल्यांचा क्रम चुकला तर — "गो बाये, मोजूक शिकलंस खय?" वैशाली सारख्या मुद्दाम चुका करून बघतेय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज नेमकं सरांनी स्वतः कंपाइल केलं. गिरगावात जुनी चाळ पाडून टॉवर झालाय, त्याचा बोर्ड. स्क्रीनवर आलं —

"रे झिला, खय चल्लंस? वर जागा नाय!"

सर चष्मा पुसून परत वाचतायत. "झिला कोण?" झील म्हणजे पोरगा, हे त्यांना सांगणार कोण? आम्ही दोघी मेलो.

मग नीट बघितलं आणि हसू गेलं. त्या वेगाला सगळ्यात वरच्या मजल्याच्या डोक्यावर जितकी मोकळी जागा लागते, तितकी नव्या ड्रॉइंगमध्ये नाहीच. सरांनी बिल्डरला फोन लावला. तो म्हणे टायपिंगची चूक, जुनाच आकडा टाका.

"टाक जुना आकडा," सर म्हणाले. "सोमवारी बोर्ड गेलाच पाहिजे."

नाही म्हटलं! हसत म्हटलं. "राजेशला जाऊन मोजू दे सर. जागा निघाली तर टाकते."

ओरडले. सगळ्यांसमोर. नोकरी जाणार बहुतेक. आईला सांगितलेलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

राजेशचा फोन. स्पीकरवर घेतला, सर शेजारीच उभे.

"मॅडम, चूक नाय. वर पाण्याची टाकी वाढवलीय, स्लॅब खाली आलाय. त्या स्पीडला गेली असती ना..." मग म्हणाला, "पहिल्या ट्रायलला मीच आत असतो."

सर खुर्चीत बसले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बोर्ड गेला नाही, माझी नोकरीही नाही.

सर माझ्याच टेबलाशी बसले. वेग थोडा कमी केला — प्रोग्रॅम अडला. आणखी कमी केला — परत अडला. दर वेळी सर आईची ओळ मोठ्याने वाचतायत. मालवणी उच्चार भयंकर! शेवटी एकदाचा गपचूप कंपाइल झाला. लिफ्ट हळू जाईल, पण डोकं शाबूत.

बिल्डर आला तावातावाने. "माहितीपत्रकात हायस्पीड छापलंय!"

सर शांतपणे — "मग माहितीपत्रकात बसून वर जा."

ह्या माणसाला मी इतके दिवस ओळखतच नव्हते!

५ मार्च, बुधवार

सरकारी इन्स्पेक्टरने लिफ्ट पास केली. सर म्हणाले, "गिरगावला चल, काम आहे."

लॉबीत व्हीलचेअरवर एक आजी. "माझी आई," सर म्हणाले. पाडलेल्या चाळीत हेच राहायचे! तेव्हापासून दोघं माहीमला भाड्याने, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या घरात. आजी तिथे एकदा चढल्या त्या आज उतरल्या, चौघांनी उचलून, इथल्या नव्या घरी यायला.

राजेशने बटण दाबलं. आजींनी माझा हात घट्ट धरला.

"हळू जाते गं ही."

सर माझ्याकडे बघेनात.

"बरंय," आजी म्हणाल्या. "मला कुठे घाई आहे?"