बाबांचा चेहरा, सव्वा किलो तेपारी

२ जून, सकाळ.
निर्णय झाला. आजपासून मी कलावंत. बत्तीस वर्षं गाद्या विकल्या, बस्स झालं. २६ जुलैला पलीकडे, म्हणजे भिंतीच्या अमेरिकेकडच्या बाजूला, ओचोआबाईंच्या कलादालनात प्रदर्शन आहे. नाव ‘वाळवंटाचं ताट’. शेती, खाणं आणि सरहद्द, तिन्ही एकाच कलाकृतीत हवं. हे तर माझ्या रक्तातच आहे! बाबा म्हणायचेच, फिदेन्सिओचे हात वेगळे आहेत.
संकल्प : रोज पाचला उठणे.

३ जून, पावणेदहा.
उठलो. उकाडा.

८ जून, रविवार.
सुचलं! बाबांचा चेहरा, त्यांच्याच तेपारीच्या दाण्यांत. पांढरे दाणे मिशीला, तपकिरी गालांना. बाबांनी या घेवड्यापायी जन्मभर उन्हात पाठ भाजून घेतली. कुकाताईच्या फडताळात त्यांच्या शेवटच्या पिकाची बरणी आहे. सव्वा किलो. ताई चर्चला गेली होती. मागितले असते तर तिनं दिलेच असते, मग मागण्यात वेळ कशाला घालवायचा? बरणी आणली.

११ जून.
पक्क्या डिंकाचा भाव ऐकून परत आलो. फळीवर कापड ताणलं आणि गव्हाच्या पिठाची खळ केली. आजी पतंगाला लावायची तीच. याला परंपरा म्हणतात. पीठही ताईकडचंच.

१९ जून.
ताईला कळलं. जेवायला गेलो होतो, तव्यावरची पहिलीच तोर्तिया हातात होती. तिनं बरणी कुठाय विचारलं, मी खरं ते सांगितलं. कलावंतानं खोटं बोलू नये. ती ओरडली, अरे मेल्या, ते बियाणं होतं! दोन वर्षं सांभाळलं, यंदा ओढ्याला पाणी आलं की बाबांचं शेत पेरायचं म्हणून! अख्ख्या सान इसिद्रो गावात हे तेपारी आता कुणाकडं नाही, कळतंय का तुला?
मी शांतपणे समजावलं, की पेरलं असतं तर खाऊन संपलं असतं, आता अमर झालं. तिनं पळी फेकून मारली. सत्तरी गाठली तरी नेम चांगला आहे.

२९ जून.
ताईकडचं जेवण बंद होऊन दहा दिवस झाले. दुकानातल्या तोर्तिया खातोय. नुसता पुठ्ठा. उपासमारीत कला बहरते म्हणतात, पण माझी अजून तरी तशीच आहे. बाबांचा उजवा कान नाकाजवळ आलाय. नाक हलवून बघितलं, मग तोंड गेलं. कान राहू दे. आधुनिक दिसतो.

७ जुलै.
चित्र पूर्ण! बाबा इतके हुबेहूब, की आज डाव्या डोळ्यात चक्क हालचाल दिसली. दोनदा.

१४ जुलै, दुपार.
लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.
चित्र डोक्यावर घेऊन पलीकडे जायच्या रांगेत दोन तास उभा राहिलो. तपासणीच्या साहेबानं विचारलं, खायचं आहे का? मनाला लागलं. म्हटलं, साहेब, ही कला आहे. तो म्हणाला, कशाची? मी छाती फुगवून सांगितलं, अस्सल बियाण्याची, आत्ता पेरलंत तर आत्ता उगवेल! तिथंच घात झाला. कच्चं बियाणं परवान्याशिवाय नेता येत नाही म्हणाला. एवढ्यात बाबांच्या डोळ्यातून एक भुंगा निघाला आणि साहेबाच्या वहीवर चालायला लागला. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत राहिलो. माझ्या मागची बाई शिजवलेल्या घेवड्याचं भांडं घेऊन पुढे गेली, तिला कुणी हटकलं नाही. शिजवलेलं चालतं म्हणे. साहेब भला माणूस. म्हणाला, म्हाताऱ्यांना घरी न्या.

१४ जुलै, संध्याकाळ.
ओढ्याला पाणी आलं. सगळा गाव शेतात. मी घरात, बाबा भिंतीला टेकून. माझ्याकडंच बघत होते, एका डोळ्यानं.

१५ जुलै.
चित्र ताईच्या दारात नेऊन ठेवलं. म्हटलं, तू म्हणशील ते. तिनं मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, मिशी बरोबर आलीय रे. आणि अ‍ॅप्रन डोळ्याला लावला. मलाही राहवलं नाही. मग तिनं कपड्यांच्या टबात पाणी भरलं आणि बाबांना त्यात झोपवलं. खळ विरघळली, दाणे सुटले. पक्का डिंक वापरला असता तर सगळं गेलं असतं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच, पण आज कोण ऐकणार!
तरंगले ते टाकले, फुटके बाजूला ठेवले, बुडाले ते बियाणं. भिजलेलं बियाणं थांबत नाही, म्हणून लगेच शेतात. ताईनं पाच ओळी पेरल्या. कंबर धरून खाली बसली, तेव्हा सहावी मला मिळाली. मी बाबांचं ते हातांबद्दलचं बोलणं सांगितलं.  ती फार खोल पुरू नकोस एवढंच म्हणाली.

२६ जुलै.
प्रदर्शन. खळीचे डाग पडलेलं कापड घेऊन गेलो. बाबा गेले, खूण उरली, असा विचार. साहेबानं ओळखलं. आज काय आणलंत, म्हणाला. फडकं, म्हटलं. सोडलं. ताईही बरोबर होती, तिच्याकडं फुटक्या दाण्यांत बाजारातला घेवडा मिसळून शिजवलेलं पातेलं होतं, तेही हसत सोडलं.
ओचोआबाईंनी माझी कलाकृती आदरानं घेतली, टेबलावर पसरली आणि तिच्यावर पातेलं ठेवलं. रांग दारापर्यंत गेली. अभिप्रायाच्या वहीत लिहिलंय, ‘अप्रतिम! अजून आहे का?’ हे कापडालाही लागू पडतं. एका गृहस्थानं बाबांच्या हनुवटीला हात पुसले.

३० जुलै, पहाटे पाच!
ताईच्या पाच ओळी केव्हाच हिरव्या. माझी कोरडी होती. आज एक कोंब! माझा! एकच, पण केवढा ताठ. डब्यानं पाणी घातलं. चित्र काढलं पाहिजे.

५ ऑगस्ट, पहाटे पाच.
सलग सातवा दिवस पाचला. कुणाचा विश्वास बसणार नाही, माझाही नाही. ताईला सहज विचारलं, माझ्या हातांबद्दल बाबा नेमकं काय म्हणायचे. तिनं टाळलं. मी हट्ट धरला. मग सांगितलं : फिदेन्सिओचे हात वेगळे आहेत, त्यानं पेरलेलं काही उगवत नाही, त्याला रंगपेटी आणून द्या आणि बियाण्याजवळ फिरकू देऊ नका.
रंगपेटी बारा रंगांची होती. अजून आठवते.
पण आता कोंब आहे ना.

८ ऑगस्ट.
ताई खुरपायला आली. माझ्या ओळीत वाकून बघितलं. वेड्या, हे तण आहे रे, म्हणाली.
 तिनं खुरपं उचललं, कोंबाच्या कडेनं गोल फिरवलं, आजूबाजूचं सगळं काढलं, तो तसाच ठेवला आणि पुढच्या ओळीत गेली. जाता जाता म्हणाली, दुपारी जेवायला ये, तोर्तिया केल्यात.
उद्या पाचला पाणी घालायचंय.