नातींचं संशोधन आणि तुझी चोरओटी

माय,

तुला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, आणि तरी मी तुला पत्र पाठवायला बसले, म्हणजे आपल्या घरात शिक्षण किती वाढलं ते बघ. लिहून घेते आहे तुझी पणती, माझी धाकटी नात. मी बोलते तसं लिही म्हटलं, तर माझी बोली जराशी धुऊन घेते. मी कुरकुरले की म्हणते, "आजी, भांडणं तेवढी तशीच ठेवते."

माझ्या दोन्ही नाती पीएचडी करून राहिल्या. मोठी अमरावतीला, मंगळाच्या जमिनीवर. वर गेलेली नाही अजून, इथूनच करते. उन्हाळ्यात इथं अकोल्याला आली आणि आपल्या वावरात पालथी पडून भेगांचे फोटो काढत बसली. भेगेत पट्टी घालायची, खोली मोजायची, लिहायची. मंगळावरही अशाच भेगा दिसतात म्हणे, म्हणजे कधीकाळी तिथं ओल असावी. शेजारचा दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून ओरडला, "काय हरपलं वो बाई?" मी म्हटलं, "कायी नाही, पोरगी मंगळावरचं पाणी पाहून राहिली." तर म्हणतो, "मंग आमच्या बोअरचंबी पाहून घ्या म्हणा." धाकटीचं त्याहून नवल. ती कायद्याची. बाईमाणसाच्या कामाच्या जागी कोणते कायदे होते, ते पाळले की नाही, हा तिचा विषय. आणि त्यात आपली जिनिंग, तू कापसाची सरकी काढायला जायचीस ती. तान्ह्या लेकराला पाजायला किती वेळ सोडायचे, पोटुशी बाईला कोण घरी पाठवायचं, असं सगळं विचारते. तुझ्या कामाला घरात कोणी काम म्हटलं नाही, आता त्याचा ग्रंथ होऊन राहिला. मी दोघींना विचारलं, "तुमच्या विद्यापीठात न चालणारा विषय कोणता?" हसल्या.

तर धाकटीनं तुझं विचारलं आणि घरात सगळे सांगतात तसंच मी सांगितलं. मी सात वर्षांची आहे. सरकी काढायचे रेचे धडधडताहेत, तुझ्या केसांत रुई अडकली आहे, आणि शेजारच्या रेच्यावर मावशी, आपल्या भिंतीला भिंत लागून राहणारी. तिसऱ्या महिन्यात तिनंच दार लोटून तुझी चोरओटी भरली. खण, नारळ, पाच मुठी गहू. बाळ राहिल्याचं अजून जगाला सांगायचं नसतं, म्हणून तर ती चोरओटी. मी कोपऱ्यात होते. तू डोळे वटारलेस, "कोणाले सांगशील तं पाय!" आठवडा नाही झाला आणि मुकादम तुला म्हणाला, उद्यापासून येऊ नको. तू घरी न येता थेट मावशीच्या दारात. "मायी गोष्ट तुलेच माहीत होती. हा घे तुया खण." ती म्हणाली, "बाई, मी काहून सांगू वो?" तू ऐकलं नाहीस. पुढं दोघी एकाच वावरात निंदायला जात होतात, मध्ये एक तास, पिकाची एक ओळ, सोडून. मरेपर्यंत शब्द नाही.

काल दुपारी पणतीनं तिच्या प्रबंधातला तो भाग मला वाचून दाखवला. सोबतच्या बाईनंच खबर दिली, बायकाच बायकांवर नजर ठेवायच्या, असं मोठं काहीतरी. सोमवारी ते तिच्या सरांकडे जाणार. मावशीची सून अजून त्याच घरात राहते, आपणच गल्लीत चार घरं पुढं सरकलो. तिलाही ही विचारून आली होती. सून म्हणाली, "आमची सासू मरतानाबी म्हणे, मी नाही सांगितलं." पणतीनं तेही लिहिलं, खाली लिहिलं की ही बाजू पटत नाही. मी विचारलं, तेव्हा कायदा नव्हता का गं? म्हणाली, "होता आजी, पण हंगामी कामवालीपर्यंत पोचत नव्हता." मंगळावरची ओल इथून दिसते, आणि अकोल्यातला कायदा अकोल्यातल्या जिनिंगपर्यंत पोचत नाही. माझ्या डोक्यात हे अजून बसत नाही, माय. रात्रभर नुसता गोंधळ. म्हणून सकाळी तिला म्हटलं, पेन घे.

चोरओटी झाली त्याच आठवड्यात मुकादमानं मला जिनिंगच्या फाटकाशी विचारलं होतं, "तुयी माय घडीघडी काहून बसते वं?" मी छाती काढून सांगितलं, "आमच्या घरी बाळ येऊन राहिलं." त्यानं गुळाचा खडा दिला. मला वाटलं, त्याला आनंद झाला. तू मावशीच्या दारात ओरडत होतीस तेव्हा मी तुझा पदर धरून उभी होते. आधी माराच्या भीतीनं बोलले नाही. नंतर तू तो राग इतकी वर्षं जपलास, की तो खोटा निघाला तर तुझ्याजवळ काय उरेल, तेच कळेना.

पेन थांबलं आहे. "आजी, हे खरं?" लिही म्हटलं. "मग माझा अख्खा भाग पडतो." पडू दे. आता विचारते, दोष कोणाचा लिहू, सांगणारीचा, विचारणाऱ्याचा, की काढून टाकणाऱ्याचा? मला माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं? तिलाही माहीत नाही, आणि ती तर कायदा शिकते.

पत्ता काय घालू म्हणाली. म्हटलं, राहू दे, कुठं पाठवायचं नाही. घडी कर. चार घरं सोडून मावशीची सून राहते, तिच्यासमोर बसून वाच. मी सोबत येते म्हणाले खरी. पण चप्पल पायात घालून तासभर झाला, माय, आणि त्या दाराची मला अजून तेव्हाइतकीच भीती वाटते.